प्रसादाच्या पाककृतीतून डबीतला रंग काढून टाकावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की आपल्या पुरवणीत मोदकांच्या, वड्यांच्या, बर्फ्यांच्या पाककृती येऊ लागतात. मी त्या आवडीने वाचते आणि कापून वहीत चिकटवते. त्यांतल्या पुष्कळ पाककृतींच्या साहित्यात अगदी शेवटी एक ओळ असते : ‘खाण्याचा रंग, आवश्यकतेनुसार’. हे पत्र त्या एका ओळीसाठी लिहिते आहे.

मी चिपळूणची. नोकरीची सगळी वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत गेली. बाटल्या धुणं, द्रावणं तयार करणं, रसायनं तोलून मुलांपुढे ठेवणं हे माझं काम होतं. म्हणून रंगाच्या बाबतीत प्रमाण न सांगणं मला खटकतं. मीठ जास्त पडलं तर पहिल्या घासाला कळतं, साखर जास्त पडली तरी कळतं. रंग जास्त पडला तर जिभेला काहीच कळत नाही. उलट पदार्थ ताटात जास्त उठून दिसतो आणि पुढच्या वेळी हात आणखी सैल पडतो.

आपल्याकडे खाद्यपदार्थांत आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. लाल रंगासाठी पाँसो फोर आर, कार्मोझिन आणि एरिथ्रोसिन. पिवळ्या-केशरीसाठी टारट्राझिन आणि सनसेट यलो. निळ्यासाठी इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्लू. हिरव्यासाठी फास्ट ग्रीन. मिठाईत त्यांचं प्रमाण किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, असा नियम आहे. आता एका नारळाच्या मोदकांचं सारण घ्या. साखर-दुधासकट ते साधारण 400 ग्रॅम भरतं. म्हणजे त्यात फार तर 40 मिलिग्रॅम रंग चालेल. शाळेतल्या काचपेटीच्या तराजूवरसुद्धा 40 मिलिग्रॅम तोलताना श्वास रोखून धरावा लागायचा. घरातली चिमूट त्याच्या कितीतरी पट असते. डबीतली पूड म्हणजे सगळा रंगच नसतो, बहुधा त्यात मीठ किंवा साखर मिसळलेली असते, हे मला ठाऊक आहे. पण किती मिसळलेली, हे डबी उघडणाऱ्या बाईला कसं कळणार? आणि कारखान्यासाठी ठरवलेली मर्यादा तिने चमच्याने कशी पाळायची?

परवानगी असलेले रंग म्हणजे विष, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण जगभर त्यांच्याकडे पुन्हा नीट पाहिलं जात आहे. 2007 साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाने लहान मुलांवर केलेला एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही कृत्रिम रंगांची मिश्रणं आणि सोडियम बेंझोएट हे पदार्थ टिकवणारं रसायन घातलेलं पेय दिल्यावर मुलांचा चंचलपणा वाढलेला त्यात दिसला. त्यानंतर 2010 च्या जुलैपासून युरोपीय संघाने असे सहा रंग असलेल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर मुलांच्या चंचलपणावर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापणं सक्तीचं केलं. आपल्या आठांपैकी टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोझिन आणि पाँसो हे चौघे त्या सहांत आहेत. एरिथ्रोसिनची खाद्यपदार्थांतली परवानगी अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये काढून घेतली.

परवानगी नसलेल्या रंगांची गोष्ट तर वेगळीच. फेब्रुवारी 2024 मध्ये पुदुच्चेरीने आणि पाठोपाठ तामिळनाडूने म्हातारीचे केस, म्हणजे मुलांचा तो गुलाबी साखरेचा कापूस, विकायला बंदी केली; त्यात ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडला होता. पिवळ्याच्या बाबतीत मेटॅनिल यलोची भीती असते. तो हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने किरमिजी होतो, म्हणून प्रयोगशाळेत लगेच ओळखू येतो. स्वयंपाकघरात तो ओळखता येत नाही. तेव्हा कागदाच्या पुडीत सुटा मिळणारा रंग तर कुणी घरातच आणू नये.

आमच्या कोकणात या सगळ्याला आणखी एक बाजू आहे. इथे मूल एका घरचा प्रसाद खात नाही. संध्याकाळी वाडीत आरत्या सुरू झाल्या की टाळ-झांजा घेऊन सगळी मंडळी या घरातून त्या घरात जातात. प्रत्येक घरी ‘घालीन लोटांगण’ झालं की हातावर काहीतरी पडतं : पेढा, बर्फी, रंगीत मोदक. नऊ-दहा वर्षांचा मुलगा एका संध्याकाळी सात-आठ घरांचा प्रसाद सहज खातो आणि हे विसर्जनापर्यंत चालतं. एकेका घरची बाई म्हणते, मी जरासाच रंग घातला. ते खरंही असतं. पण त्या सगळ्या जराशांची बेरीज त्या मुलाच्या पोटात होते. मोठ्या माणसापेक्षा त्याचं वजनही कमी.

मुलांना रंगीत हवं असतं, आणि ते द्यावं, असंच माझं मत आहे. पांढऱ्या वड्यांच्या ताटात एक गुलाबी ओळ दिसली की त्यांचे चेहरे बदलतात. सणाचं ताट डोळ्यांनाही गोड लागलं पाहिजे. आणि त्यासाठी डबी लागत नाही. आमच्या घरी गणपतीत मुंबईहून पुतणे-सुना-नातवंडं येतात आणि प्रसादाचे नारळाचे मोदक मी मुलांकडूनच करून घेते. तीच रीत इथे लिहिते. उकडीच्या मोदकासारखी हातोटी याला लागत नाही. बाजारात मिळणारा दोन पाखांचा साचा असला की सहा वर्षांचं मूलही मोदक पाडतं.

एका नारळाचं साधारण दोन वाट्या खोबरं निघतं. ते खवताना पाठीकडचा काळा भाग अजिबात येऊ देऊ नये, कारण रंगाची सगळी गंमत खोबऱ्याच्या पांढरेपणावर आहे. करवंटी जवळ आली की खवणं थांबवावं, उरलेलं आमटीला वापरावं. खवलेलं खोबरं मिक्सरमध्ये एकदाच, अगदी क्षणभर फिरवावं. लांब कीस राहिला तर साच्यातल्या कळ्या नीट उठत नाहीत. दोन वाट्या खोबऱ्याला सव्वा वाटी साखर आणि अर्धी वाटी दूध. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी साखर विरघळून सगळं पातळ होतं, मग आळत येतं. कडा सुटून गोळा कालथ्याबरोबर फिरू लागला की गॅस बंद. वेलचीपूड घालायची. वडीसाठी आपण थोडं आणखी कोरडं करतो, साच्यासाठी किंचित ओलसर ठेवायचं. साच्याला आतून तुपाचं बोट फिरवून कोमट सारण खालच्या भोकातून दाबून भरायचं. एका नारळाचे वीस-बावीस लहान मोदक होतात.

रंग घालायचा तो गॅस बंद केल्यावर. सगळ्या नैसर्गिक रंगांना हे लागू नाही, पण बीटच्या गुलाबीला आणि हिरव्याला नक्की आहे.

गुलाबीसाठी बीट. अर्धं बीट किसून, फडक्यातून पिळून चमचा-दोन चमचे रस काढायचा. बीटचा रंग उष्णतेने मोडतो. सुरुवातीलाच कढईत घातला तर सारण आळेपर्यंत त्याचा विटकरी-तपकिरी होतो आणि मग बायका म्हणतात की घरगुती रंग काही चांगला येत नाही. खाली उतरवल्यावर घाला, वर लिंबाचे तीन-चार थेंब पिळा. थोड्या आंबटपणात हा रंग जास्त टिकतो. बीटला मातीसारखा वास असतो, तो वेलचीने किंवा चमचाभर गुलाबपाण्याने जातो. रसामुळे सारण सैल वाटलं तर चमचाभर दूधपावडर मिसळावी. आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलाच्या लघवीला गुलाबी झाक आली तर आईने घाबरू नये, काहींच्या बाबतीत बीटने तसं होतं.

आमच्याकडे गुलाबीचा आणखी एक मार्ग आहे, कोकम. त्यासाठी आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं. साखरेत मुरवलेलं अमृत कोकम घ्या. मात्र त्या सारणात दूध घालायचं नाही, आंबटाने ते फाटतं. अर्ध्या वाटी दुधाऐवजी पाव वाटी पाणी आणि पाव वाटी अमृत कोकम घ्यायचं, साखर त्या मानाने कमी करायची. याचा रंग बीटपेक्षा फिका येतो, पण चवीला हे मोदक माझ्या मते सगळ्यांत सरस. गोडाला मागे हलकी आंबट धार असते आणि मोठी माणसंही दुसरा मागतात.

पिवळ्याला कोमट दुधात भिजवलेलं केशर आहेच. केशर परवडत नसेल तर मे महिन्यात आटवून ठेवलेला आंब्याचा मावा घ्या. अर्धी वाटी मावा घातला तर रंग, वास, चव तिन्ही मिळतात आणि साखर निम्म्यावर येते. हळद दाण्याएवढीच चालते, त्याहून जास्त झाली की प्रसादाला औषधाचा वास येतो. हळदीबद्दल एक गोष्ट मी दरवर्षी मुलांना दाखवते. वाटीत हळदीचं पाणी घ्यायचं आणि त्यात पानाला लावायचा चुना कणभर टाकायचा. पाणी लाल होतं. पूर्वी हळदीला चुना देऊनच कुंकू करत असत, ते याच गुणावर. देवासमोरच्या करंड्यातलं कुंकू आणि डब्यातली हळद यांचं हे नातं एकदा डोळ्यांनी पाहिलं की मूल ते विसरत नाही.

हिरव्याला विड्याची पानं. चार-पाच कोवळी पानं, देठ आणि जाड शिरा काढून, दोन चमचे थंड दुधात वाटून गाळून घ्यायची. रंग कमी वाटला तर उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात टाकलेल्या पालकाचा चमचाभर लगदा. पालकाची चव लागत नाही. पण इथे लिंबू नको. पानातल्या हिरव्या द्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि आंबटपणा मिळून ते बाहेर काढतात, आणि पोपटी रंगाचा शेवाळी होतो. भाजी झाकण ठेवून शिजवली की काळपट का पडते, त्याचंही कारण हेच. बडीशेप आणि थोडा गुलकंद घालून हे मोदक केले तर विड्यासारखे लागतात.

आता निळा. हा रंग खाण्यात क्वचितच दिसतो, म्हणून मुलं त्यावर तुटून पडतात. कुंपणावर निळी गोकर्ण असेल तर तिची सात-आठ फुलं घ्या. विकतच्या फुलांवर फवारणी असण्याची शक्यता, म्हणून ती नकोत. हिरवा देठ काढून पाकळ्या पाव वाटी कढत पाण्यात टाकायच्या. पाच-सात मिनिटांत पाणी गर्द निळं होतं. हे सारण करताना दूध न घालता याच पाण्यात साखर विरघळवायची. हा रंग शिजवण्यातही बराच टिकतो, त्यामुळे सुरुवातीला घातला तरी चालतो. मोदक फिक्या आकाशी रंगाचे होतात. मग अर्धं सारण वेगळं काढायचं आणि मुलाच्या हातात लिंबाची फोड द्यायची. दोन थेंब पडले की निळ्याचं जांभळं. आम्ही शाळेत लिटमसने जे शिकवायचो तेच हे, फक्त इथे ते खाता येतं. गेल्या गणपतीत धाकटी नात त्या कढईपाशी उभी राहून ओरडली, ‘आजी, मी बदललं, मी बदललं!’ आणि संध्याकाळी आरतीला आलेल्या प्रत्येकाला तिने जांभळा मोदक स्वतःच्या हाताने दिला. सातवीतला तिचा भाऊ ‘आम्ल, आम्लारी’ म्हणून पाठ करत होता, त्यालाही तेव्हा ते खरं वाटलं.

एका साच्यात दोन रंग भरायचे असतील तर टोकाला पांढरं सारण आणि वरून गुलाबी. थोडं दाबून भरलं की जोड सुटत नाही.

ज्यांना गॅसपाशी मुलं नको वाटतात त्यांच्यासाठी डाळ्यांचे मोदक. पंढरपुरी डाळ्यांची बारीक पूड चाळून घ्यायची, एका वाटीला पाऊण वाटी पिठीसाखर आणि मूठ वळेल इतकं पातळ तूप. विस्तव लागत नाही. पण यात ओला रस चालत नाही, गुठळ्या होतात आणि मोदक लवकर खराब होतो. साखरेबरोबर खललेलं केशर, पिस्त्याची पूड किंवा बीटच्या वाळवलेल्या चकत्यांची पूड वापरावी. आमच्या पावसात भाद्रपदात काही वाळत नाही, म्हणून बीटची पूड मे महिन्यातच कोकमाच्या शेजारी वाळवून डबीत भरून ठेवते. हे मोदक सहज आठवडाभर टिकतात, त्यामुळे पुण्या-मुंबईला पाठवायलाही बरे.

ओल्या नारळाचे मात्र त्याच दिवशी संपवावेत, फार तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी. दमट हवेत त्यांना लवकर आंबूस वास येतो. सार्वजनिक मंडळांना हे अवघड आहे, हे मला कळतं. शे-दोनशे माणसांना रोज नारळ कोण खवणार? त्यांनी खिरापत द्यावी. सुकं खोबरं, खडीसाखर, खारीक, खसखस, वेलची यांना रंगाची गरजच नाही आणि ती दहा दिवस टिकते. उकडीच्या मोदकांनाही कुणी रंग देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. अलीकडे हिरव्या-गुलाबी पारीचे उकडीचे मोदक फोटोंत दिसतात. तांदळाच्या पिठीची ती पांढरी, जरा पारदर्शक पारी हेच त्याचं रूप आहे. फार तर कळीवर केशराची एक काडी.

माझी आपल्याकडे विनंती एवढीच आहे. यंदाच्या गणपती पुरवणीत आणि पुढे दिवाळी अंकातही, पाककृती पाठवणाऱ्यांना आधीच कळवावं की साहित्याच्या यादीत ‘खाण्याचा रंग’ चालणार नाही. रंग हवा असेल तर तो कशाचा, किती आणि कोणत्या टप्प्यावर घालायचा, ते लिहून पाठवा. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. नुसतं ‘बीट वापरा’ असं छापलं तर बाई ते कढईत आधी घालणार, रंग विटकरी होणार आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा डबीकडे वळणार. ज्या पाककृतीला डबीतल्या रंगाशिवाय पर्यायच नाही, तिथे निदान सारणाच्या वजनाला मर्यादा किती, ते आकड्यात छापावं. फोटो काढणाऱ्यांनाही सांगावं की बीटचा गुलाबी आणि गोकर्णीचा निळा हे रंग फिकेच असतात. फोटोत ते भडक करू नयेत, नाहीतर घरी तसा रंग आला नाही म्हणून बायका हिरमुसतात.

आपल्या दैनिकाची पुरवणी आमच्या वाडीत घरोघर वाचली जाते. तिच्यात छापलेलं प्रमाण बायका तोंडपाठ करतात, म्हणून हे आपल्यालाच लिहिलं. वर दिलेल्या मोदकांची प्रमाणं वेगळ्या चौकटीत छापायची असतील तर मी एकेका रंगाची सविस्तर लिहून पाठवीन. चतुर्थीच्या आधीच्या रविवारी ती आली तर लोकांना गोकर्णीची फुलं आणि साचा शोधायला वेळ मिळेल.

आपली,
एक जुनी वाचक
(निवृत्त प्रयोगशाळा सहायक), चिपळूण, जि. रत्नागिरी